कपडे काढायच्या आधी जबडा बघ

अगं, परवा फोनवर तू विचारलंस की सर, रिगर, म्हणजे मेल्यावर अंगाला येणारा ताठरपणा, बघून मृत्यूची वेळ नक्की सांगता येते का, मी तेव्हा साक्षीला कोर्टात निघालेलो म्हणून नुसतं नाही म्हणालो आणि फोन ठेवला, ते मनाला लागून राहिलं.

बघ, स्नायू आवळायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं हे सगळ्यांना पाठ असतं पण आवळलेला सैल सोडायलाही तेच लागतं हे विसरतात. माणूस गेला की आधी सगळं अंग ढिलं पडतं, मग एटीपी संपत जातं आणि स्नायूतले अ‍ॅक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांत अडकून बसतात, सुटतच नाहीत. साधारण १-२ तासांत पापण्या, जबडा, मग मान, हात, शेवटी पाय. १२ तासांच्या आसपास सगळं अंग ताठ. पुढे पेशींमधली एन्झाइम्स आणि कुजणं ते धागेच तोडायला लागतात, म्हणून ते परत सैल होतं, जाताना पण त्याच क्रमाने, वरून खाली. घरातली म्हातारी माणसं हनुवटीला फडकं आणि पायाचे अंगठे लगेच बांधून टाकतात ना, त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं पण वेळ बरोबर साधतात.

आता माझी चूक सांगतो. नोकरीची पहिली वर्षं, पोस्टमॉर्टेमला एक बॉडी आली, खांदे कोपरं सैल, पाय कडक. मी लगेच लिहिलं की रिगर उतरायला लागलंय, २४ तास होऊन गेलेत. कोर्टात कळलं की त्या माणसाला १४ तासांपूर्वी लोकांनी चहा पिताना बघितलेलं. झालं असं होतं की हात आडवा पसरलेला, गाडीच्या दारातून जाईना म्हणून कुणीतरी दोन्ही हात जोर लावून खाली केले, आणि पूर्ण आलेलं रिगर एकदा मोडलं की परत येत नाही (येता येता मोडलं तर थोडंफार येतं). जबडा घट्ट असणार, पण मी तो तपासलाच नव्हता. एका निरपराध माणसाचं काय झालं असतं या विचाराने मी कित्येक रात्री झोपलो नाही.

म्हणून शवागारातले मदतनीस मामा कपडे काढायला लागायच्या आधी त्यांना थांबव, जबड्यापासून बोटांपर्यंत एकेक सांधा स्वतः हलवून बघ, किती वाजता बघितलं ते लिही, बॉडी कुणी कशी उचलली ते पोलिसांना विचार. बारा-बारा-बाराचा नियम (बारा तास यायला, बारा राहायला, बारा जायला) परीक्षेपुरता ठेव, विदर्भातल्या मे महिन्यात तो कुठे टिकतो, आणि फ्रीजमधल्या बॉडीत रिगर कितीतरी जास्त रेंगाळतं. मरण्याआधी झटके आले असतील, खूप ताप असेल, पळापळ झाली असेल तर लवकर येतं, लहान बाळात आणि खंगलेल्या म्हाताऱ्यात लवकर येऊन लवकर जातं. वेळ लिहिताना इतक्या ते इतक्या तासांच्या दरम्यान असंच लिही, कुणी कितीही घाई केली तरी.

बुडालेल्याच्या मुठीत गवत घट्ट सापडतं ते प्रकरण वेगळं आहे, रविवारी फोन कर, सावकाश बोलू.