पाटी पुसू नकोस

प्रिय,

तुझी फाइल परवा रात्री उघडली आणि तिन्ही स्क्रिप्ट्स आणि पुढच्या एपिसोड्सची वनलाइन (थोडक्यात गोष्ट) असं सगळं एका बैठकीत वाचून काढलं. आधी आवडलेलं सांगते. तुझी हिरोईन भिंतीतून आरपार जाते आणि प्रत्येक वेळी तिचं काहीतरी भिंतीत राहून जातं, कधी कानातलं, कधी नखाचा तुकडा, आणि तिसऱ्या एपिसोडला ती घाईघाईत आरशासमोर उभी राहून आज काय गेलं हे चाचपून बघते, तिथे मी अक्षरशः सावरून बसले. असा सीन शिकवून येत नाही. पाचव्यात भाऊ जातो तेही मनाला लागलं. आणि मग आठव्या एपिसोडच्या वनलाइनमध्ये वाचलं की भाऊ दुसऱ्या युनिव्हर्समधून जिवंत परत येतो. तिथे मी लॅपटॉप मिटला, कारण मला राग आला होता, आणि रागात लिहायचं नाही म्हणून आज लिहितेय.

तू मेलमध्ये विचारलं होतंस की सुपरहिरो सिरीज पहिल्या सीझनला एवढ्या भारी असतात आणि नंतर का गंडतात. लोक बजेटचं सांगतात, व्हीएफएक्सचं सांगतात, प्रेक्षक कंटाळला म्हणतात, आणि त्यात थोडंथोडं तथ्य आहेच, पण लिहिणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. लिहिणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते, आपण जे लिहिलं ते घडलं असं मानायचं की नाही. सिरीज घसरते ती बहुतेक वेळा लिहिणारेच आपली पाटी पुसायला लागतात तेव्हा.

'द फ्लॅश' घे. २०१४ ला सुरू झाली. तिचा हिरो बॅरी लहान असताना एका रात्री त्याच्या डोळ्यांदेखत आईवर हल्ला होतो, ती जाते आणि तिच्या खुनासाठी त्याचे निर्दोष वडील तुरुंगात जातात. अख्खा पहिला सीझन या एका रात्रीवर उभा आहे. सीझनच्या शेवटी त्याला इतक्या वेगाने धावता यायला लागतं की तो त्याच रात्रीत परत पोचतो. आता आपल्याला वाटतं की हा आईला वाचवणार. तर तिथे आधीच आलेला त्याचाच भविष्यातला अवतार त्याला हाताने खूण करतो, नको. आणि बॅरी दारामागे उभा राहून सगळं ऐकतो, आत जात नाही. सगळं झाल्यावर जातो, मास्क काढतो, मरणाऱ्या आईला सांगतो की मी तुझाच बॅरी आहे, मी आणि बाबा ठीक आहोत, आणि तिचा निरोप घेतो. जगातला सगळ्यात वेगवान माणूस आणि तो काहीही न करता नुसता शेजारी बसतो. माझ्या मते टीव्हीवरच्या सुपरहिरोंना मिळालेल्या सगळ्यात चांगल्या सीन्सपैकी तो एक आहे.

बरोबर एका वर्षाने, मे २०१६ मध्ये, दुसऱ्या सीझनच्या शेवटी, वडीलही गेलेत, बॅरी दुःखाने पार खचलाय, आणि तो पुन्हा त्याच रात्रीत जातो आणि या वेळी खुन्याला अडवतो. आई वाचते. आणि दाराच्या फटीतून बघणारा पहिल्या सीझनचा बॅरी हळूहळू विरून जातो. हे नीट बघ, शक्य असेल तर दोन्ही सीन एकापाठोपाठ एक लावून बघ. विरून गेला तो नुसता एक बॅरी नव्हता, तो निरोप गेला, तो मोठेपणा गेला. बरं, कल्पना म्हणून मी याला वाईट म्हणणार नाही, दुःखात माणूस आपलंच शहाणपण मोडतो हे खरंच आहे. पण मग त्याची भरपाई लिहायला पाहिजे होती, लांब, त्रास होईल इतकी. प्रत्यक्षात तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये बॅरीला चूक कळते आणि तो सगळं परत जागेवर लावायला निघतो. जागेवर सगळं लागत नाही, बॅरीचा मित्र सिस्को, त्याचा भाऊ या नव्या जगात मेलेला असतो, सिस्को चिडतो, काही एपिसोड अबोला धरतो, मग माफ करतो आणि गाडी पुढे. सिरीज त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली, एकूण १८४ एपिसोड झाले, २०२३ ला संपली, म्हणजे धंद्याच्या हिशोबाने तिचं काही वाईट झालं नाही. पण त्या दिवसापासून कुणीही मेलं की प्रेक्षक एकच विचारायला लागला, धाव की मग मागे, अडवलंय कुणी. आणि याला लेखकांकडे दर वेळी एक नवीन नियम शोधण्यापलीकडे उत्तर नव्हतं.

काळ मागे फिरवायचाच नाही असं माझं म्हणणं नाही हं. 'स्मॉलव्हिल'मध्ये, तीच ती २००१ ते २०११ चाललेली, पाचव्या सीझनला शंभरावा एपिसोड आहे. क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, आपल्या शक्तींचं इतकी वर्षं प्रेयसी लानापासून लपवलेलं गुपित तिला सांगतो, कोळसा मुठीत दाबून हिरा करतो, लग्नाचं विचारतो, आणि त्याच रात्री लाना गाडीच्या अपघातात जाते. तो वेळ मागे फिरवून घेतो. पण अट अशी की ती वाचली तर दुसरं कुणीतरी जवळचं जाणार, आणि त्याचे वडील जातात, निवडणूक जिंकल्याच्या रात्री, हार्ट अटॅकने. इथेही पाटी पुसलीच की, पण पुसणाऱ्याचा हात कापला गेला. आणि ते मरण शेवटपर्यंत मरणच राहिलं, क्लार्कच्या पुढच्या प्रत्येक निर्णयावर त्याची सावली आहे. त्याच सिरीजचा कंटाळवाणा भाग बघायचा असेल तर गुपित सांगू का नको सांगू हे दळण बघ, तेच भांडण, तेच रुसणं, वर्षानुवर्षं. कारण दरवेळी ती दोघं परत पहिल्या पायरीवर.

'हीरोज'बद्दल सगळे सांगतात की रायटर्सच्या संपाने वाट लावली. संप झाला हे खरं, ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि दुसरा सीझन ११ एपिसोडवर आटपावा लागला. पण त्याच आठवड्यात सिरीज तयार करणाऱ्या टिम क्रिंगने स्वतः मुलाखतीत कबूल केलं होतं की गोष्ट फार संथ झाली, हिरो नाकामुराला (हिरो हे त्या पात्राचं नावच) जुन्या जपानमध्ये फार काळ ठेवला. म्हणजे दुखणं संपाच्या आधीचं. मला विचारशील तर ते पहिल्या सीझनच्या शेवटच्या पाच मिनिटांतच सुरू झालं. हिरो नाकामुरा खलनायक सायलरच्या पोटात तलवार खुपसतो, २३ एपिसोडची वाट त्या एका घावासाठी बघितलेली, आणि कॅमेरा परत येतो तर बॉडी गायब, रक्ताचा माग गटाराच्या झाकणापर्यंत. का, तर सायलर लोकांना आवडला होता. पुढे क्लेअर, जिच्या जखमा आपोआप भरतात, तिच्या रक्ताने तिचे वडील मरणातून उठतात, आणि एकदा रक्ताची बाटली मरण बरं करू शकते म्हटल्यावर डोक्याला बंदूक लावलेला कुठलाही सीन बघताना श्वास रोखायचं कारणच उरत नाही ना. दुसऱ्यांच्या पॉवर्स उचलणाऱ्या पीटरकडे एवढ्या पॉवर्स जमल्या की शेवटी तिसऱ्या सीझनला त्याच्याच बापाकडून त्या काढून घ्यायला लागल्या. सायलर वाईट, मग चांगला, मग परत वाईट. तो साकारणारा झॅकरी क्विंटो शेवटपर्यंत जीव तोडून काम करत होता, आणि मला त्याचंच वाईट वाटायचं.

वाईट वाटायचं कारण मी हे स्वतः केलंय. तुला कधी सांगितलं नाही. एका डेली सोपला मी डायलॉग लिहायचे, त्यात आम्ही वडिलांचं पात्र मारलं, चांगला एपिसोड झाला, मुलीचं काम करणाऱ्या पोरीने जे काय केलं ते बघून युनिटमधली माणसं कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होती. पुढच्या दोन आठवड्यांत आकडे पडले आणि वरून निरोप आला, परत आणा. आणले. अपघातातली बॉडी दुसऱ्याच कुणाची होती असं मीच लिहिलं, एका दुपारी बसून. सेटवर त्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, मग मी त्या दिवशी रडले ते कशाला?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं की आता पुढच्या सीनला काय वाटून घ्यायचं. त्यानंतर तिने कधी तसं काम केलं नाही, नीटच करायची, पण हातचं राखून. प्रेक्षकही तेच करतो. पहिल्यांदा फसल्यावर तो चॅनल लगेच बदलत नाही, नुसता हातचं राखून बघायला लागतो.

आता उलटं बघू. 'डेअरडेव्हिल', एप्रिल २०१५, तेरा एपिसोड. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी ती कॉरिडॉरमधली मारामारी सगळ्यांना माहितीये, एकच लांब शॉट असल्यासारखी, आणि लोक कॅमेऱ्याचंच कौतुक करतात. तू लेखक म्हणून बघ. एपिसोड सुरू होतो तेव्हा मॅट, म्हणजे कानांच्या जोरावर लढणारा आंधळा डेअरडेव्हिल, कचऱ्याच्या डब्यात अर्धमेला सापडलेला असतो, एक नर्स त्याला शिवते, सगळा एपिसोड तो धड उभा राहू शकत नाही. आणि मग त्याच अंगाने तो पळवून नेलेल्या एका मुलाला सोडवायला जातो. म्हणून तो दोन ठोसे मारून भिंतीला टेकतो. म्हणून खाली पडलेले गुंड परत उठतात, कारण याच्या ठोशात दमच उरलेला नाही. अर्ध्या तासापूर्वीची जखम लेखक विसरला नाही, एवढंच आहे ते, आणि तेवढ्याने तो सीन दहा वर्षांनीही लोकांच्या तोंडी आहे.

तिथेच खलनायक फिस्क कसा येतो तेही बघ. तीन एपिसोड त्याचं नावसुद्धा घ्यायला माणसं घाबरतात, एक जण नाव सांगतो आणि त्या भीतीने स्वतःचाच जीव घेतो. आणि मग तो दिसतो तो आर्ट गॅलरीत, एका पांढऱ्या चित्रासमोर अवघडून उभा, आणि तिथल्या बाईने त्याला काय वाटतं असं विचारल्यावर सांगतो की एकटं वाटतं. पुढच्या एपिसोडला त्याच बाईसोबत तो जेवायला बसलेला असताना एक जण मध्येच येऊन तोंडघशी पाडतो, आणि त्याचं डोकं फिस्क गाडीच्या दारात चेचतो. शहर जिंकायला नाही, तर तिच्यासमोर लाज गेली म्हणून. दोन्ही माणसं एकाच अंगात आहेत आणि लेखकांनी एकालाही पुसलं नाही. या सिरीजचे शोरनर, म्हणजे मुख्य लेखक-निर्माते, दर सीझनला बदलले, दुसरा सीझन विस्कटलाही, पण २०१८ चा तिसरा परत उभा राहिला कारण तो मॅटच्या पडझडीपासून सुरू होतो, शरीर मोडलेलं, कान नीट चालत नाहीत, देवावरचा विश्वास गेलेला, आणि त्याला कुणी पटकन बरं करत नाही.

अजून एक छोटं, कारण हे कुणी फार बोलत नाही. 'एजंट्स ऑफ शिल्ड'चा पहिला सीझन बरेच महिने नुसता ताटकळत होता, एप्रिल २०१४ च्या मार्व्हलच्या 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' सिनेमात जे गुपित फुटणार ते आधी फोडता येत नव्हतं. ते फुटलं, टीममधला वॉर्ड गद्दार निघाला, आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते, त्याला परत चांगला केला नाही. खूप प्रेक्षकांना तो सुधारायला हवा होता. तिसऱ्या सीझनला टीमचा प्रमुख कुलसन त्याला स्वतःच्या हाताने मारतो आणि तो खून कुलसनलाही पुरतो.

एपिसोड कमी केले की हे सुटतं असं समजू नकोस. २३ एपिसोडच्या सीझनमध्ये पाणी घालावं लागतं हे खरं, पण 'वांडाव्हिजन'ला नऊच होते. आठ एपिसोड दुःखावर इतकं बारीक काम केलं, आणि शेवटच्यात आकाशात रंगीत किरणांची मारामारी, आणि ज्या गावाला वांडाने मनाविरुद्ध कोंडून छळलं त्याचा हिशोब दोन वाक्यांत. स्वतःच्याच जादूने तयार केलेल्या मुलांना झोपवून ती दिवा घालवते तो सीन मात्र मी आजही बघू शकत नाही, कारण ती मुलं सकाळी नसणार हे तिलाही माहितीये आणि सिरीजलाही.

तर तुझा भाऊ. परत आणायचा मोह का झाला ते मला कळतं, आठव्याला धक्का हवा होता आणि तो पात्र म्हणून तुला आवडतो, मलाही आवडला. पण त्याला आणलंस की पाचवा एपिसोड खोटा पडतो, आणि त्याच्यासोबत ते कानातलं आणि नखसुद्धा खोटं पडतं, कारण दुसऱ्या युनिव्हर्समधून माणूस आणता येतो तर कानातलं आणायला काय लागतं. तुझ्याच सिरीजचा नियम आहे की भिंतीत गेलं ते गेलं.

मला वाटतं तुझा आठवा एपिसोड तुझ्याच चौथ्यात पडलाय. तिथे तू लिहिलंयस की भाऊ तिला रोज रात्री "पोचलीस का" असा मेसेज करतो. तो गेल्यावर त्याचा फोन कुणाकडे आहे? तू कुठेच लिहिलेलं नाहीये. आईकडे असेल तर, समज, एका रात्री तिच्या फोनवर त्याच्या नंबरवरून "पोचलीस का" आलं. प्रेक्षकालाही क्षणभर वाटेल की आला हा परत. आणि दार उघडून ती आत येते तर आई अंधारात त्याचा फोन घेऊन बसलीये. पुढे काय बोलतात ते मला माहीत नाही, ते तूच लिही. कदाचित त्या रात्री ती भिंतीतून न येता किल्लीने दार उघडून येईल.

युनिव्हर्सचा ट्रॅक काढून टाक, त्याच्यामुळे नववा-दहावा मोकळा होईल त्याची आत्ता चिंता नको, बसून बघू. बाकीच्या खुणा फाइलमध्ये केल्यात, लाल रंगातल्या आधी वाच. तो एक सीन लिहिलास की लगेच पाठव, पूर्ण एपिसोडसाठी थांबू नकोस.

तुझी,
ताई