मंदी आली तर तिकडचं सरकार काही करतं का?

तुमचा निरोप वाचला. पुण्यात हप्ते चालू असलेला फ्लॅट, चार वर्षांची मुलगी, हातात अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या (टेक्सस) नोकरीची ऑफर आणि तीन प्रश्न: सध्या मार्केट कसं आहे, पोचल्यावर वर्षभरात घर घ्यावं का, आणि मंदी आलीच तर सरकार काही करतं का.

पहिला प्रश्न सोडून देतो. तुम्ही काही सहा महिन्यांसाठी येत नाही. दहा-बारा वर्षं राहिलात तर एक दणका तुमच्या वाट्याला येणारच. मी तीन पाहिले.

मी १९९९ मध्ये वायटूकेच्या, म्हणजे सन २००० साठी संगणक दुरुस्त करायच्या, लाटेत आलो. कॅलिफोर्नियात सनीवेलला दोन बेडरूममध्ये पाच जण, त्याला कन्सल्टन्सीवाले गेस्ट हाऊस म्हणत. मार्च २००० मध्ये नॅसडॅक हा टेक कंपन्यांचा शेअर निर्देशांक ५,०४८ वर गेला तेव्हा आमच्यातला एक जण कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता स्टॉक ऑप्शनचे पैसेही मोजायचा. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच आकडा १,११४ होता. माझी नोकरी त्या दोन तारखांच्या मधे गेली. सकाळी दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. आतून मॅनेजर पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला, माझा मग आणि मुंजीचा फोटो त्यानंच आधी भरून ठेवला होता. पार्किंगपर्यंत सोडायला आला. पुढच्या महिन्यात तोही गेला.

यातली एक गोष्ट मला अजून आवडते. नोकरी गेली म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही. आपल्याकडे ही बातमी मामापासूनसुद्धा लपवतात. इथे वरच्या मजल्यावरचा म्हातारा गोरा म्हणाला, रेझुमे दे, जावयाला पाठवतो. काढून टाकणं जितकं सोपं, तितकंच पुन्हा घेणंही.

पण हे झालं समाजाचं. कायद्याचं गणित वेगळं. तेव्हा एच-१बीवाल्याला, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला, नोकरी गेल्यावर देशात राहायला एका दिवसाचीही अधिकृत मुदत नव्हती. आता ६० दिवसांपर्यंत मिळतात, तो नियम २०१७ चा. २००१ च्या उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्लेक्सच्या मोठ्या कचरापेटीशेजारी दर शनिवारी सोफे, गाद्या, टीव्ही पडलेले असायचे. शेजारचं तेलुगू जोडपं जाताना तुळशीची कुंडी आमच्याकडे ठेवून गेलं. आणि गंमत बघा, तेजीच्या भरात अमेरिकी संसदेनं (काँग्रेसनं) एच-१बीचा वार्षिक कोटा १ लाख ९५ हजार केला तो ऑक्टोबर २००० मध्ये, म्हणजे फुगा फुटायला लागल्यावर. तीन वर्षांनी परत ६५ हजार. इथलं सरकार जागं होतं, पण आदल्या वर्षीच्या परिस्थितीला उत्तर देतं.

२००८ मध्ये सरकार काय करू शकतं ते दिसलं. २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहानं बँका वाचवायचं विधेयक फेटाळलं, डाऊ हा शेअर निर्देशांक एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला, आणि ३ ऑक्टोबरला तेच विधेयक थोड्या फेरफारांनी मंजूर झालं: ७०० अब्ज डॉलर, म्हणजे ७० हजार कोटी. चार दिवसांत! पण त्याच वेळी कॅलिफोर्नियातल्या माउंटन हाऊस गावी माझ्या मित्राचं घर कर्जापेक्षा स्वस्त झालं होतं. ते गाव तेव्हा देशभर गाजलं, कारण बहुतेक सगळ्या घरांची तीच गत. त्याच्या गल्लीत बँकेनं ताब्यात घेतलेल्या घरांपुढचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. मित्रानं हप्ते भरले, आजही तिथेच राहतो. शेजाऱ्यानं किल्ल्या बँकेला पाठवल्या आणि निघून गेला.

पुढे फेब्रुवारी २००९ च्या सरकारी मदत पॅकेजमध्ये एक कलम आलं: मदत घेतलेल्या बँकांना नवे एच-१बी कर्मचारी घेणं अवघड करणारं. बेकारी ८ टक्क्यांच्या वर गेली होती, मतदाराला काहीतरी दाखवायला हवंच होतं. बेकारभत्ता काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत वाढला, पण तो घ्यायला कुठलीही नोकरी करायची मोकळीक लागते. व्हिसावाल्याला ती नसते, म्हणून बहुतेकदा हात हलवत परत यावं लागतं. २०२० मध्ये कोविडच्या मंदीत १,२०० डॉलर थेट खात्यात आले, ना अर्ज ना शिक्का. ज्यांच्या बायका एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) होत्या आणि त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नव्हता, त्यांनी एकत्र टॅक्स रिटर्न भरलं असेल तर दोघांनाही आधी काही मिळालं नाही. डिसेंबरात कायदा बदलला तेव्हा चूक सुधारली. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, सरकार करतं, भरपूर करतं. तुम्ही त्यात मोजले जाता की नाही, ते तुमच्या कागदांवर ठरतं.

म्हणून घर नंतर. ऑस्टिनमध्ये २०२२ पर्यंत किमती वेड्यासारख्या चढल्या आणि मग उतरल्या. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून लोक खूश होतात, पण प्रॉपर्टी टॅक्स बघा, घाम फुटतो. भाड्यानं राहा. पुण्याचा फ्लॅट विकू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि त्यात आरोग्यविमा धरा: नोकरी गेली की कोब्रा कायद्यानं जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के. पहिलं बिल पाहून माझी बायको म्हणाली, आजारी पडणं परवडलं.

खरी घाई ग्रीन कार्डाची करा. भारतीयांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच असेल, एका देशाला एकूण कार्डांपैकी ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाही. पण जे फारसं कुणी सांगत नाही ते असं: कंपनीनं त्याच कामातली माणसं कमी केली की पुढचे सहा महिने तिला लेबर सर्टिफिकेशनसाठी (लायक स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायची ग्रीन कार्डाची पहिली पायरी) आधी त्या काढलेल्यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे कपात झाली की बऱ्याच कंपन्या ही प्रक्रियाच थांबवतात. म्हणजे हा अर्ज तेजीत गेला तर गेला.

तेव्हा ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला ईमेल करा: ग्रीन कार्डाचं काम कितव्या महिन्यात सुरू करणार? फोनवर नको, लेखी. उत्तर आलं की मला कळवा, मग घराचं बोलू.