टूलच्या खाली काय चाललंय तेही बघ

बाळ,

तुझं लिखाण वाचलं, दोनदा वाचलं. सेमिस्टरभर काय काय शिकलीस ते सगळं त्यात आलंय, गूगल शीट, कॅनव्हा, वेबसाइट बनवणं, एआयकडून काम कसं करून घ्यायचं, आणि शेवटी तू लिहिलंयस की टूल्स तर आली पण इंटरनेटवर खरंच नवीन काही करणारे लोक वेगळं काय करतात ते अजून कळलं नाही. हा प्रश्न फार चांगलाय, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझ्या मते ते लोक टूल वापरून थांबत नाहीत, हे असंच का चालतं आणि कुणी तसं ठरवलं हे शोधत बसतात. तुझ्याच लिखाणातलं उदाहरण घे ना. गावच्या वाचनालयाची जुनी यादी उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला आणि फाइल करप्ट आहे म्हणून तू सोडून दिलीस. ती करप्ट नाहीये गं! जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी आपल्या अक्षरांची चित्रं बसवलेली असायची, तो फॉन्ट तुझ्या मशीनवर नाही म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली, एवढंच. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे चालायची नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचं एकच मानक, त्याने प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर दिला, 'क' चा नंबर जगात कुठेही तोच, आणि देवनागरीचा तक्ता घेतला तो भारतीय लिप्यांसाठीच्या आपल्या इस्की या मानकावरून, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची जिस्ट कार्डं (कॉम्प्युटरवर भारतीय भाषा लिहिण्यासाठी बसवायची) ज्याच्यावर चालायची तेच.

आता मजा बघ, 'कि' मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते पण युनिकोडमध्ये साठवली जाते 'क' च्या नंतर, कारण क्रम उच्चाराचा ठेवलाय. जुन्या फॉन्टमध्ये ती आधीच यायची, म्हणून कन्व्हर्ट करताना सगळ्यात आधी वेलांट्या घसरतात, मग जोडाक्षरं, आणि 'दऱ्या' चं 'दर्या' होतं ते वेगळंच. एसेमेसचं पण असंच आहे, इंग्रजीत १६० अक्षरं बसतात आणि मराठी लिहिलं की ७०, कारण मेसेजची जागा १४० बाइटच असते (एक बाइट म्हणजे ८ बिट), इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, देवनागरी आली की प्रत्येकाला १६ लागतात, काना-मात्रा वेगळे मोजून.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल पण इंटरनेट उभं राहिलंय ते असल्याच ठरवाठरवीवर. गोफर म्हणजे मेनूतून निवडत इंटरनेटवरची माहिती उघडायची पद्धत, वेबची तेव्हाची स्पर्धक. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या या गोफरच्या सर्व्हरला काही जणांकडून फी घ्यायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने, म्हणजे जिथे वेब तयार झालं त्या युरोपातल्या संशोधन संस्थेने, वेब सगळ्यांना फुकट वापरायला खुलं केलं. गोफर तेव्हा भरपूर चालत होतं, पण लोक वेबकडे वळले. वेब पुढे गेलं त्याला इतर कारणंही आहेत, चित्रं दाखवणारा मोझॅक ब्राउझर त्याच वर्षी आला, पण परवानगी न मागता कुणीही त्यावर काहीही बांधू शकत होतं ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

म्हणून आता नवीन कोर्स लावू नकोस, निदान दोन-तीन महिने तरी. ती यादी परत उघड. फॉन्ट कुठला ते आधी शोध, मग कन्व्हर्टर वापर नाहीतर एआयकडून छोटा प्रोग्राम लिहून घे, त्यात काही कमीपणा नाही, पण आलेलं प्रत्येक नाव तू स्वतः वाच, कारण लेखकाचं आडनाव चुकलं तर शोधणाऱ्याला ते पुस्तक कधीच सापडणार नाही. एआय चुकीचं नावसुद्धा खात्रीने लिहून देतं हे विसरू नकोस. शंका आली की रजिस्टर काढायला सांग, ग्रंथपाल बाई आनंदाने दाखवतील.

हे जमलं तर मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या जुन्या पुस्तकांच्या भावंड-साइटवर जा, तिथे स्कॅन केलेल्या पुस्तकांची पानं मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायची असतात. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे जुनं पुस्तक निवडताना लेखक कधी वारला तेवढं बघून घे.

पहिली थोडी नावं झाली की शीटची लिंक पाठव, पूर्ण व्हायची वाट बघू नकोस. वेलांट्यांचं काही अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी माझा क्लास असतो.

तुझा,
सर