कोकणातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 'खाजगी वन' असा शेरा आहे. एजंट म्हणतो, सहा महिन्यांत निघतो. जमीन घ्यावी का?

घेऊ नका.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तुमच्या प्रश्नातलं 'शेरा निघतो' वाचलं आणि अठरा वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. आमच्या रत्नागिरीकडच्या जमिनीवर हाच शेरा होता. सहा महिने सोडा, सात वर्षं गेली, आणि तीनपैकी दोनच हिश्श्यांवरचा निघाला. तिसऱ्यावर तो अजून आहे आणि माझं विचाराल तर तिथेच असायला हवा. यावरून माझा चुलतभाऊ, आमचा दादा, गणपतीत घरी भेटला तरी माझ्याशी बोलत नाही.

आधी एक गोष्ट. सोसायटीचं कर्ज फेडलं की बोजा कमी होतो, तशातला हा शेरा नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ सालचा. त्यातला नेमलेला दिवस ३० ऑगस्ट १९७५. कायद्याच्या व्याख्येत बसणारं प्रत्येक खाजगी वन त्या दिवशी आपोआप शासनाचं झालं. तलाठ्याने लिहिलं की नाही याला महत्त्व नाही. बहुतेक ठिकाणी त्याने लिहिलं नव्हतंच. पुढे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, नोंदी अद्ययावत करायचे आदेश निघाले आणि २००५-०६ च्या सुमारास धडाधड फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर बदलाच्या नोंदी, पडल्या. लोकांना वाटलं, काल जमीन आपली होती, आज सरकारने घेतली. कायद्याच्या हिशेबाने ती तीस वर्षांपूर्वीच गेली होती, कागदावर ती नोंद तेव्हा आली एवढंच. म्हणून 'शेरा काढायचा' हा शब्दच चुकीचा. त्या तारखेला ती जमीन खाजगी वन होती की नव्हती, एवढाच प्रश्न असतो, आणि कलम ६ खाली त्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात होतो. तुमचा एजंट यातला कोण?

तर आमचं. २००७ ची दिवाळी. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. दादा मुंबईहून आला तो फराळाच्या डब्याबरोबर एक कागद घेऊनच. हक्कसोडपत्र. "गुडघ्यावर बसून सह्या करायला नकोत, टेबलावर ठेवलंय बघ. सही कर आणि मोकळी हो. तुला कुठे गावाला येऊन राहायचंय?" मुलींना हक्कसोडाचा कागद नेहमी अशाच गोड वेळी पुढे केला जातो, भाऊबीजेच्या आगेमागे. मी म्हटलं, आधी सातबारा दाखव. त्याने दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी मीच तलाठ्याकडे जाऊन काढला. इतर हक्कांत 'खाजगी वन', खाली फेरफार क्रमांक. आणि दादाने तोवर तिसऱ्या हिश्श्यापोटी एका मुंबईच्या पार्टीकडून दोन लाख विसार घेऊन टाकलेला. त्या पैशातून त्याच्या घरावर स्लॅबही पडला होता.

"तो शेरा निघतो गं. माणूस आहे आपला." हे त्याचं वाक्य. तुमच्या एजंटाचं आणि त्याचं शब्दन् शब्द सारखं आहे, म्हणून मला राहवलं नाही.

आमची जमीन वरकस. डोंगराच्या उताराला, एका सर्व्हे नंबरचे तीन हिस्से, बाबा आणि काका दोघांच्या नावे सामाईक. पहिल्या दोन हिश्श्यांत भाजावळ करून, म्हणजे पालापाचोळा जाळून, नाचणी-वरी पेरायचे, एकदोन वर्षं घेऊन जमीन विसाव्याला सोडायचे. तिसरा हिस्सा सगळ्यात वरचा, ऐन-किंजळीच्या झाडांचा, खाली पऱ्या म्हणजे ओढा. त्या हिश्श्यातूनच पुढे रस्ता झाला, म्हणून पार्टीला तोच हवा होता. वर समुद्रही दिसतो म्हणे. आम्ही लहानपणी तिथे करवंदं सोडून दुसरं काही बघितलं नाही.

अभिलेख कक्षात मी सहा खेपा घातल्या. जुने सातबारे असे असतात की पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो. सात म्हणजे मालकी, ते सगळे बघतात. बारा कोणी बघत नाही. गाव नमुना बारा म्हणजे पीकपाहणी, कुठल्या वर्षी कुठलं पीक, किती क्षेत्रात, कोणी केलं. मला पाहिजे होतं १९७५-७६. त्या पानावर पहिल्या हिश्श्यापुढे निळ्या शाईत 'नाचणी', पुढे क्षेत्र, रीतीच्या रकान्यात १. म्हणजे मालक स्वतः कसतोय. दुसऱ्यापुढे 'नाचणी, वरी', रीत १. तिसऱ्यापुढे 'गवत'.

हे पान बघून मी तिथेच बाकावर बसले. माझे बाबा दर पावसाळ्यात तलाठ्याला घरी बोलवायचे, चहा-पोहे द्यायचे आणि पायाखाली घालून हिस्सान् हिस्सा दाखवायचे. काका हसायचे, पुढे दादाही हसायला शिकला. "चार मुठी नाचणीसाठी त्याला पोहे घालतोस?" आता सांगते दादा, त्या पोह्यांनी दोन हिस्से वाचले. कारण याच कायद्याचं कलम ३ पोटकलम २. नेमलेल्या दिवशी जी जमीन कायदेशीरपणे लागवडीखाली होती आणि कमाल धारणेच्या, म्हणजे एकाला ठेवता येणाऱ्या जमिनीच्या मर्यादेच्या, आत होती, ती शासनाकडे जात नाही. आणि ३० ऑगस्टला कोकणात नाचणी शेतात उभी असते. आदल्या वर्षी हिस्सा विसाव्याला सोडलेला असता तर पानावर 'गवत' लागलं असतं आणि सगळं गेलं असतं. नशीबही लागतं, हे कबूल.

मग नोटीस. व्याख्येत जी जमीन येते त्यात एक मोठा भाग असा आहे की भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३) खाली मालकाला पूर्वी नोटीस काढली होती का. या जमिनीत नांगरट, तोड, चराई बंद का करू नये, कारण दाखवा, अशी ती नोटीस. अशा बहुतेक नोटिसा १९५० च्या दशकातल्या. यावरच गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल आला, सर्वोच्च न्यायालय, ३० जानेवारी २०१४. विक्रोळी, मुलुंड, नाहूरकडच्या हजारो फ्लॅटवाल्यांचं त्यात अडकलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की नुसती नोटीस काढून चालत नाही, ती मालकाला बजावली गेली पाहिजे आणि त्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या नोटिशीच्या जोरावर जमीन वन ठरत नाही. त्या दिवसापासून कोकणातला प्रत्येक एजंट 'गोदरेज केस' म्हणतो. वाचलेली कोणी नसते.

आमच्या वकिलांनाही आनंद झाला. म्हणाले, वनखात्याच्या फायलीत पोच नसली की तिन्ही हिस्से मोकळे. फाईल मागवली. नोटीस होती. आणि नोटिशीला पोचही होती. तळाशी आजोबांची सही, मोडीत.

प्रांतांपुढे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, तारीख लागायच्या आधी दादा माझ्या घरी आला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. म्हणाला, "मोडी आज कोण वाचतंय? ही सही आजोबांची नाही असं प्रतिज्ञापत्र करू. तू पण कर, दोघांचं असलं की वजन पडतं." बाबांच्या ट्रंकेत आजोबांची तीन गहाणखतं आहेत. त्यावर तीच सही, शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच डावीकडे ओढलेली. मी त्याला ट्रंक उघडून दाखवली. तो म्हणाला, "तुला काय मिळणार यातून?" मी सही केली नाही. त्याने एकट्यानेही केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे.

२००९ चा अर्ज, २०१६ चा आदेश. दोन हिस्से लागवडीखालचे म्हणून सुटले. तिसऱ्यावर शासन कायम. पार्टीने विसार व्याजासकट परत मागितला, दादाने भरला. तेव्हापासून सगळ्या भावकीत एकच गोष्ट सांगितली जाते की माझ्यामुळे लाखोंचं नुकसान झालं. मी काय केलं होतं, तर खोटं लिहून द्यायला नाही म्हटलं. आणि जे विकायला काढलं ते विकायला आपलं होतंच कुठे?

असो. तुमच्याकडे वळते.

एजंटाला एवढंच मागा. शेरा ज्या फेरफाराने आला त्याची नक्कल. १९७५-७६ चा बारा. कलम ३५(३) ची नोटीस आणि तिची पोच असेल तर ती. आणि कलम ६ किंवा २२अ खाली आदेश झाला असेल तर तो मूळ आदेश, 'होणार आहे' नको. शेरा कुठे आहे तेही बघा. इतर हक्कांत असणं वेगळं आणि कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या जागी, 'महाराष्ट्र शासन, वन' असणं वेगळं. दुसरं असेल तर समोरचा माणूस तुम्हाला शासनाची जमीन विकतोय. विसार देऊ नका, शेरा असताना साठेखत तर अजिबात करू नका. 'आता स्वस्त आहे, शेरा निघाला की चौपट' हे गणित मांडणाऱ्याने स्वतः का ठेवली नाही, ते विचारा. तुम्ही शेतकरी आहात का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. नसाल तर १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ तुम्हाला शेरा नसलेल्या शेतजमिनीलाही आडवं येतं.

२२अ बद्दल थोडं, कारण मघाशी 'घेऊ नका' म्हटलं ते थोडं सरसकट झालं. १९७८ साली हे कलम घातलं. ज्याची १९७५ साली वन आणि इतर मिळून एकूण जमीन १२ हेक्टरच्या आत होती, किंवा वन गेल्यामुळे १२ हेक्टरच्या आत आली, त्या लहान धारकाला वन परत मिळू शकतं. दादाने तिसऱ्या हिश्श्यासाठी तो अर्ज केलाय, त्यावर मीही सही केली आहे. त्यात खोटं काही नव्हतं. पण परत मिळालेल्या जमिनीला वनखातं वनच धरून चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशापासून 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला लागतो, मालकी कोणाची याला किंमत नाही, आणि १९८० च्या वन संवर्धनाच्या कायद्याप्रमाणे वनेतर वापराला केंद्राची परवानगी लागते. म्हणजे जमीन तुमच्या नावे होईल, बंगला होणार नाही. तुम्हाला काजू लावून गप्प बसायचं असेल तर त्यालाही आधी विचारावं लागेल. फार्महाऊसचं प्लॉटिंग दाखवून कोणी विकत असेल तर त्याला मी फसवणूकच म्हणते.

आणि मी वकील नाही, निवृत्त शिक्षिका आहे. रायगडला, ठाण्याला प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. आमच्यासारखेच कागद असून उलट निकाल लागलेले लोक मला प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात भेटले आहेत. शेरा खरोखर चुकून पडलेलेही भरपूर आहेत, पिढ्यान् पिढ्या भात लावणाऱ्या खाचरांवर पडलेले. त्या लोकांचा राग रास्त आहे आणि ते बिचारे एजंट न लावता खेपा घालतात.

कायदा अन्यायाचा आहे, असं इथे खाली प्रतिक्रियेत कोणीतरी लिहिलंय. लिहिणाऱ्याने २२ जुलै २०२१ नंतर महाडजवळच्या तळीयेला जाऊन यावं. तिथे तोड झाल्यामुळेच दरड आली असं मी म्हणत नाही, ते जाणकारांनी सांगावं. पण त्या रात्री आमच्या वाडीतली माणसं देवळात जाऊन बसली होती, आणि सगळे वर त्या तिसऱ्या हिश्श्याकडे बघत होते. तिथे पार्टीचे अठरा प्लॉट असते तर मीही बघत बसले नसते, उठून पळाले असते. वाडीच्या दोन्ही विहिरी त्या पऱ्यावर आहेत, दादाच्या नव्या घराची बोअरसुद्धा.

दादा, तू इथे वाचत असतोस हे मला माहीत आहे, तुझ्या मुलीने सांगितलं. बारा वर्षं सगळ्यांना सांगतोयस की विसार माझ्या संमतीने घेतला होता. विसारपावतीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. त्यावर तारीख हक्कसोडाच्या कागदाच्या अकरा दिवस आधीची आहे.