केमिस्ट्री पीएचडीसाठी कुठे कुठे अप्लाय करायचं हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत केमिस्ट्री पीएचडीसाठी रँकिंगमधल्या पहिल्या वीस-पंचवीस युनिव्हर्सिटी काढून ठेवल्यात, ऑर्गॅनिक की मटेरियल्स हे अजून पक्कं नाही, तर यातून आठ-दहा कशा निवडायच्या. मी यातून गेलोय म्हणून सांगतो, ती यादी आधी बाजूला ठेवा आणि उलटीकडून सुरुवात करा. गेल्या वर्ष-दोन वर्षांत परीक्षेसाठी म्हणून नाही तर आवडले म्हणून शेवटपर्यंत वाचलेले दहा-बारा रिसर्च पेपर काढा, लेखकांमध्ये ज्याच्या नावापुढे चांदणी असते तो बहुतेक वेळा लॅबचा प्रमुख, तो कुठल्या डिपार्टमेंटला आहे बघा, मग तिथल्या फॅकल्टीत अजून दोघं तरी असे सापडतात का बघा की ज्यांच्याकडे तुम्ही मनापासून काम कराल. तीन सापडले तर ठेवा, एकच सापडला तर कितीही मोठं नाव असलं तरी काट मारा. तुमचं ऑर्गॅनिक-मटेरियल्स ठरलेलं नाही म्हणजे दोन्हीकडचे लोक असलेलं डिपार्टमेंट हवं.

एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे मी एका ठिकाणी एकाच प्रोफेसरसाठी गेलो होतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ॲडमिशन डिपार्टमेंट देतं, गाइड पहिल्या वर्षात ठरतो (युरोपात बऱ्याचदा आधी मास्टर्स लागतं आणि अर्ज थेट एका प्रोफेसरकडच्या जागेसाठीच असतो), तर पहिल्या सेमिस्टरला त्यांना भेटलो तेव्हा कळलं की ग्रँट संपलीये, यंदा कोणालाच घेणार नाहीत. माझ्या विषयाचं तिथे दुसरं कोणीच नव्हतं. जी लॅब मिळाली ती घेतली, दोन वर्षांनी मास्टर्स घेऊन बाहेर पडलो आणि दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती दोन वर्षं आठवली की अजून वाईट वाटतं.

प्रत्येक प्रोफेसरच्या लॅबच्या वेबसाइटवरची माजी विद्यार्थ्यांची यादी नीट वाचा, लोक पाच-साडेपाच वर्षांत बाहेर पडतायत की सात-सात वर्षं अडकलेत, पुढे कुठे गेले. आणि तीन-चार वर्षांपूर्वीच्या पेपरवरची नावं या यादीशी ताडून बघा, मला हे फार उशिरा सुचलं. काही नावं दुसऱ्या लॅबची असतात, पत्ता बघून ती वगळा, पण त्याच लॅबचे दोघं-तिघं आजी यादीतही नाहीत आणि माजी यादीतही नाहीत असं निघालं तर तिथल्या एखाद्या सीनिअरला सरळ विचारा की हे लोक का सोडून गेले. फोनवर लोक बोलतात, मेलवर कोणी असलं लिहून देत नाही. सोबत हेही विचारा की गाइडशी मतभेद झाला की पुढे काय होतं, आणि एनएमआरवर (बनवलेल्या रेणूची रचना तपासायचं मशीन) रात्री स्वतः बसता येतं की सॅम्पल देऊन वाट बघायची, कारण सिंथेसिस, म्हणजे नवे रेणू बनवायचं काम, करणार असाल तर रोजचं काम त्यावरच अडतं.

पैशाचं थोडक्यात, केमिस्ट्री पीएचडीला तिकडे साधारणपणे ट्यूशन माफ असते आणि टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) करून स्टायपेंड, म्हणजे दरमहा खर्चाचे पैसे, मिळतो, त्यामुळे फी तुम्हीच भरा म्हणणारी ऑफर सोडून द्या. स्टायपेंडचा आकडा त्या शहरातल्या भाड्याशी लावून बघा आणि टीए किती वर्षं करावी लागते तेही विचारा. केमिस्ट्रीची जीआरई सब्जेक्ट टेस्ट २०२३ मध्येच बंद झालीये. जनरल जीआरई बऱ्याच ठिकाणी लागत नाही, पण प्रत्येकाचं पेज बघाच. अर्जाची फी जड जात असेल तर माफ होते का म्हणून मेल करा, काही ठिकाणी होते.

डेडलाइन बहुतेक डिसेंबरच्या आसपास असतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच प्रत्येक ठिकाणच्या त्या तीन प्रोफेसरांना वेगवेगळी मेल टाका, त्यांच्या एखाद्या पेपरमधलं तुम्हाला काय भावलं ते दोन ओळींत, आणि पुढच्या वर्षी नवीन विद्यार्थी घेणार आहात का हा एकच प्रश्न. उत्तर आलं नाही तर लगेच नाव काढू नका, मेल खाली जातात, दोन आठवड्यांनी पुन्हा टाका. मी हा प्रश्न तेव्हा विचारलाच नव्हता.