डिसेंबरच्या आत

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या अभ्यासाचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे: जिल्हा परिषदेच्या शाळा, शाळा व्यवस्थापन समिती आणि गावातलं नेतृत्व. नमुनाही बरा निवडला आहेस. अडचण वेळापत्रकात आहे. फेब्रुवारीत क्षेत्रभेटी, मे महिन्यात अहवाल असं तू लिहिलं आहेस. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण ती बाब किरकोळ. खरा मुद्दा असा की तोवर त्या वर्षाचे पैसे आणि ठराव दोन्ही होऊन गेलेले असतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. समिती ज्या आर्थिक वर्षात स्थापन झाली, ते संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे 31 डिसेंबरच्या आत. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात दरवर्षीचा उपआराखडा येतो. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची गडबडही 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्यामुळे तुझं काम उलटं मोज. जूनमध्ये परवानग्या, जुलै ते सप्टेंबर भेटी, दिवाळीच्या सुट्टीआधी गावाला निष्कर्ष आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये समितीबरोबर बैठका. तुझ्या संस्थेला द्यायचा चाळीस पानी अहवाल त्यानंतर सावकाश लिही, त्याची कोणाला घाई नसते.

परवानगीचं पत्र शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून घे. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना दे. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. पत्राशिवाय गेलीस तर मुख्याध्यापक चहा देतील, हजेरीपट देणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

शाळेत गेल्यावर प्रश्नावली बाहेर काढू नकोस. आधी मुलं मोज. परिपाठाच्या वेळी एकदा, शालेय पोषण आहाराच्या पंगतीत दुसऱ्यांदा, शाळा सुटण्याआधी तिसऱ्यांदा. हे तीन आकडे पटावरच्या आणि त्या दिवसाच्या हजेरीच्या आकड्याशेजारी लिही. फरक दिसला की लगेच खोटी हजेरी असा शेरा मारू नकोस. बाजाराचा वार असेल, गावात लग्न असेल, पोळा असेल. म्हणून एका शाळेला किमान दोन भेटी, वेगवेगळ्या वारी. बीड किंवा अहिल्यानगर भागात गेलीस तर दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं वेगळी नोंदव. किती मुलं हंगामी वसतिगृहात राहिली, किती आईबापांबरोबर गेली आणि त्यातल्या कितींच्या हातात शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) आहे, हे विचार. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर हे ठरवायला, 30 सप्टेंबरची पटसंख्या धरतात. डिसेंबरमधला वर्ग त्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

शिक्षक वर्गावर नसेल तर ‘गैरहजर’ असं लिहून मोकळी होऊ नकोस, कारण लिही. कलम 27 ने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे अपवाद ठेवले आहेत. मतदार यादीचं काम, प्रशिक्षण, रजा आणि रिक्त पद यांना एकच शब्द वापरलास तर त्या पानाचा उपयोग फक्त शिक्षकांना झोडपायला होईल. प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, हे कोष्टक पाठ असू दे. पद मंजूरच नाही की मंजूर असून भरलेलं नाही, हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांचे वैद्यही वेगळे.

आता स्वच्छतागृह. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, कागदावर त्याचं उत्तर दोन-तीन खुणांत संपतं. तू स्वतः तिथपर्यंत चालत जा. दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? मुलींच्या बाजूला आतून कडी लागते का? टाकी आहे, पण तिच्यापर्यंत पाइप येतो का? पाइप येतो, पण मोटर चालते का? मोटर बंद असेल तर जळाली की वीजबिल थकलं? ‘स्वच्छतागृह वापरात नाही’ या एका वाक्यामागे सहा-सात कारणं असतात आणि प्रत्येकाचं दार निराळं. कडी मुख्याध्यापक संयुक्त शाळा अनुदानातून बसवू शकतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, अशी त्याची रचना आहे, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पाण्याची जोडणी मात्र ग्रामपंचायतीचं काम. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या निधीपैकी 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेला होता, तोही पाणी आणि स्वच्छतेसाठीच. चालू वर्षात कोणत्या शीर्षाखाली किती शिल्लक आहे, हे ग्रामसेवकाला विचार. (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.)

लिहिताना टक्केवारी टाळ. पट 23 असेल तर एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. एक मुलगी मामाकडे राहायला गेली आणि ‘वाचन कौशल्यात घट’ असं तुझं शीर्षक व्हायचं. ‘23 पैकी 9 मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा अडखळत वाचता आला’ असं सरळ लिही. आणि ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या जिल्हा पातळीवरच्या आकड्यांवरून एका गावाबद्दल बोलू नकोस. ती पाहणी जिल्ह्यातली 30 गावं आणि गावातली 20 घरं घेऊन केलेली असते. जिल्ह्याचा अंदाज देणं एवढाच तिचा हेतू.

तुझ्याच शहरात, पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1955 साली धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या केलेल्या दोन पाहण्या प्रसिद्ध केल्या. ग्रंथालयात बसून त्या वाच. मूल शाळेत दाखल झालं एवढ्यावर न थांबता ते टिकतं का आणि शिकलेलं पुढे उरतं का, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचं विधेयक 1911 मध्ये मांडलं. 1912 मध्ये ते फेटाळलं गेलं आणि शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडलं. तेव्हा तुझ्या पहिल्या अहवालाने शासन हललं नाही म्हणून रुसू नकोस.

निष्कर्ष आधी मुख्याध्यापकांना वाचून दाखव. तपशील दुरुस्त करायला सात दिवस दे. आकडा चुकला असेल तर बदल, मत आवडलं नाही म्हणून बदलू नकोस. मग गावासाठी मराठीत दोनच पानं, मोठ्या टायपात. मुलांची नावं आणि फोटो त्यात नकोत.

समितीच्या प्रशिक्षणाबद्दल तू ‘तालुक्याच्या सभागृहात, सकाळी 11 ते 5’ असं लिहिलं आहेस. समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सकाळी 11 वाजता त्यातल्या बहुतेक जणी खुरपणीला गेलेल्या असतील. येतील त्यांचे नवरे. शाळेतच, संध्याकाळी साडेसहानंतर, दीड-दीड तासाच्या तीन बैठका घे. दिवसाच घ्यायची वेळ आली तर बुडालेल्या मजुरीची तरतूद अर्थसंकल्पात आधी कर. कायद्याची कलमं वाचून दाखवू नकोस, ठराव वही उघड. लागोपाठच्या चार महिन्यांचं इतिवृत्त शब्दशः एकच असेल आणि सगळ्या सह्या एकाच पेनाने झाल्या असतील, तर बैठक न होताच वही सह्यांसाठी घरोघर फिरली हे ओळख. त्याचा गवगवा मात्र करू नकोस, नाहीतर पुढची वही तुला दिसणारच नाही.

तिथे एकच गोष्ट शिकव: ठराव लिहिणं. ‘शाळेच्या अडचणी सोडवाव्यात असे ठरले’ हा ठराव नव्हे. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाच्या 500 लिटरच्या टाकीला गावच्या नळयोजनेतून जोडणी द्यावी, ग्रामपंचायतीने 15 डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रक करावे, पाठपुरावा समितीच्या अध्यक्षांनी करावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक, दोघांची नावं. प्रत ग्रामपंचायतीत देऊन आवक क्रमांक घ्यायचा. मग प्रत्येकीला तो ठराव उभं राहून, मोठ्याने वाचायला लाव, कारण ग्रामसभेत तेच करायचं आहे. पहिल्या वेळी आवाज फुटत नाही, तिसऱ्या वेळी फुटतो. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढची तारीख तिथेच विचारून घ्यायची, हेही सांग.

सुधारलेलं वेळापत्रक आठवडाभरात पाठव. शाळांच्या यादीसमोर प्रत्येक गावाचा बाजाराचा वार लिहायला विसरू नकोस.

तुझा शुभचिंतक