ओरडण्याआधीची पाच मिनिटं

प्रश्न : ऑफिस हिंजवडीला, घर कोथरूडला. घरी पोचेस्तोवर आठ वाजतात. मग मुलीचा अभ्यास, जेवणं, उद्याच्या डब्याची तयारी. रोजनिशी चार दिवसांत बंद पडते.

पान भरायचा हट्ट सोडा. अप्पा बळवंत चौकातून तारखा छापलेली डायरी आणू नका, कोरी पानं टोचत राहतात. साधी दोनशेपानी वही ओट्याजवळ ठेवा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी सहज होतात. आठवडाभर खंड पडला तरी पुढच्या ओळीपासून सुरू करा.

प्रश्न : मुलावर ओरडतो आणि रात्री लिहितो, ‘मी वाईट बाप आहे.’ वाचून आणखी अपराधी वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही वहीत रोज स्वतःचा निकाल लावताय, आणि निकाल लागला की बघायला काही उरत नाही. त्याऐवजी ओरडण्याआधीची पाच मिनिटं लिहा : ‘पावणेनऊ. दुपारपासून पोटात काही नाही. साहेबांचा मेसेज. दात आवळलेले. त्याच्या हातून ग्लास सांडला.’ अशा आठ-दहा नोंदी एकदम वाचा. ग्लास दर वेळी वेगळा असेल, भूक कदाचित तीच असेल. मग घरात शिरताच आधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ खा, बाकी सगळं नंतर.

शेवटी भावनेचं नाव लिहा, पण ‘राग’ म्हणून थांबू नका. वैताग, धास्ती, शरम, हिरमोड, आपल्याकडे शब्दांची ददात नाही. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या मेंदूच्या प्रयोगात भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची चाहूल घेणारा भाग, शांत होताना दिसला.

प्रश्न : घर लहान आहे. वही कुणी वाचली तर?

बोचरं असेल ते सुट्या कागदावर लिहून फाडून टाका. वहीत वेळ आणि भावनेचं नाव एवढंच ठेवा.

प्रश्न : लिहिताना रडू येतं. थांबवू का?

लगेच नको. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनातलं सगळ्यात जड असलेलं लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना उदास वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र तेच तेच लिहून झोप उडत असेल, जेवण जात नसेल, तर वही मिटा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.